'तेरास': अद्भुत, अपशकुन की आणखी काही?

रानजाई

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दर बुधवारी संध्याकाळी शास्त्राभ्यास असतो. आठ-दहा जण, कुणाच्या तरी घरी, चहा आणि एक अध्याय. सध्या बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान चालू आहे. गेल्या बुधवारी चौथ्या अध्यायात ४८व्या वचनापाशी गाडी अडली. राजदरबारचा एक अधिकारी, ज्याचा मुलगा मरायला टेकलाय, येशूकडे मदत मागायला येतो, तेव्हा चिन्हं आणि अद्भुतं पाहिल्यावाचून तुम्ही विश्वास ठेवणारच नाही, असं येशू म्हणतो ते वचन. एका काकांनी विचारलं, "चिन्ह आणि अद्भुत, दोन शब्द कशाला? एक पुरत नाही?" कुणीतरी म्हणालं, जोर यावा म्हणून, आपण नाही का दगडधोंडे म्हणत, तसं. मला ते पटलं नाही, पण तिथं नीट सांगताही आलं नाही. चार वर्षं ग्रीक शिकतेय, म्हणून घरी येऊन बसले.

मूळ ग्रीकमध्ये चिन्हाला 'सेमेइओन' आहे आणि अद्भुताला 'तेरास', अनेकवचन 'तेराता'. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागात, हा शब्द १६ वेळा येतो. सगळी वचनं वहीत एकाखाली एक उतरवून काढली तेव्हा तीन गोष्टी डोळ्यांत भरल्या.

एक तर सोळाही ठिकाणी तो अनेकवचनीच आहे. 'एक अद्भुत' असं कुठेच नाही.

दुसरं, तो कधीच एकटा येत नाही. प्रत्येक वेळी शेजारी 'चिन्हे' आहेतच. 'सेमेइओन' मात्र खुशाल एकटा फिरतो, योहानात तर तोच लाडका शब्द आहे. म्हणजे चिन्हाला अद्भुताची गरज नाही, अद्भुताला मात्र चिन्हाचं बोट सोडता येत नाही. हे तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती भाष्यकाराच्याही लक्षात आलं होतं, असं नंतर कळलं तेव्हा मला फार आनंद झाला.

आणि तिसरं. सोळांपैकी नऊ वेळा तो 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे, येशूच्या शिष्यांची हकिगत सांगणाऱ्या. चारही शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, मिळून फक्त तीनदा: मत्तय २४:२४, मार्क १३:२२ आणि हे योहान ४:४८. लूकच्या शुभवर्तमानात एकदाही नाही. तिन्ही ठिकाणी बोलणारा स्वतः येशू आहे आणि तिन्ही ठिकाणी तो सावध करतोय. मत्तय-मार्कमध्ये खोटे ख्रिस्त आणि खोटे संदेष्टे मोठमोठी चिन्हं नि अद्भुतं दाखवतील म्हणून, आणि योहानात ही अशी तक्रार. आपल्या कामाला तो हा शब्द एकदाही लावत नाही.

मग मला प्रश्न पडला, या शब्दात असं काय होतं, की त्याला सांभाळूनच वापरावं लागलं? इथे संस्कृतवाले, ग्रीसमध्ये राहिलेले, सगळेच आहेत. सांगा.

पाटीपेन्सिल

वाचतेय. टेराबाइटमधला 'टेरा' हाच का?

रानजाई

हो, तोच. १९६० साली दशलक्ष-दशलक्ष, म्हणजे एकावर बारा शून्यं, यासाठी 'टेरा' हा उपसर्ग ठरला तो याच 'तेरास'वरून, 'राक्षसी' या अर्थानं. त्याच्या आधीचा 'गिगा' राक्षसाचा, म्हणजे 'गिगास'चा. तुमच्या खिशातल्या हार्डडिस्कवर ग्रीक महाकवी होमरचा शब्द छापलेला आहे.

दर्यावर्दी

सहा वर्षं ग्रीसमधल्या पिरेअस बंदरात होतो, जहाज कंपनीच्या कचेरीत. आजच्या ग्रीकमध्ये 'तेरास' म्हणजे सरळ राक्षस, अक्राळविक्राळ प्राणी. लहान मुलं पलंगाखाली 'तेरास' आहे म्हणून रडतात. त्यावरूनच 'तेरास्तिओस' म्हणजे अवाढव्य, हा तर रोजच्या बोलण्यातला शब्द. मोठा कंटेनर, मोठं बिल, सगळं 'तेरास्तिओ'. चमत्काराला ते 'थावमा' म्हणतात. चर्चमध्ये एखाद्या संताच्या मूर्तिचित्रापुढे चांदीचे हात-पाय-डोळे टांगलेले असतात, नवस फेडलेले. त्याबद्दल विचारलं तर 'थावमा' हाच शब्द ऐकू येतो. त्या जागी कुणी 'तेरास' म्हणालं तर आजीबाई काठी घेऊन मागे लागतील.

संहितापाठ

उत्तम धागा. थोडं मागून येतो.

होमरमध्ये हा शब्द कुठे कुठे येतो ते आधी पाहा. इलियडच्या दुसऱ्या सर्गात ग्रीक सैन्य औलिसला जमलेलं असताना एक साप झाडावर चढतो, चिमणीची आठ पिल्लं खातो, नववी त्यांची आई, आणि मग देवांचा राजा झ्यूस त्या सापाचा दगड करतो. सगळे अवाक. काल्खास हा द्रष्टा सांगतो: झ्यूसनं हे मोठं 'तेरास' आपल्याला दाखवलंय, नऊ वर्षं लढाई, दहाव्या वर्षी नगर पडेल. म्हणजे घटना विचित्र आहे, अंगावर काटा आणणारी आहे, आणि तिच्यात निरोप आहे, पण तो आपोआप कळत नाही. उकलून सांगणारा लागतो. पाचव्या सर्गात अथेने देवीच्या ढालीवरचं गॉर्गन राक्षसिणीचं मुंडकं हेही झ्यूसचं 'तेरास', आणि अकराव्यात झ्यूसनं ढगात रोवलेलं इंद्रधनुष्य हेही 'तेरास'च. मुंडकं आणि इंद्रधनुष्य एकाच शब्दात बसतात, कारण शब्द सुंदर-कुरूप पाहत नाही. नेहमीच्या चालीबाहेरचं आणि वरून आलेलं, एवढंच पाहतो.

आता आपल्याकडे. वराहमिहिरानं बृहत्संहितेत उत्पाताची व्याख्या तीन शब्दांत केली आहे: प्रकृतेरन्यत्वमुत्पातः. प्रकृतीहून वेगळं झालं की तो उत्पात. त्याचे तीन प्रकार: दिव्य, आंतरिक्ष आणि भौम. 'तेरास'ची याहून नेमकी व्याख्या मला ग्रीक कोशातही सापडलेली नाही. आणि गंमत म्हणजे मराठीत उत्पाताचं काय झालं? 'पोरांनी नुसता उत्पात मांडलाय.' ग्रीकांच्या 'तेरास'चा राक्षस झाला, आपल्या उत्पाताचा धिंगाणा.

विहीरकाठ

मी वसईची. आमच्याकडे मिस्सामध्ये हे वाचन येतं तेव्हा फादर नेहमी त्या अधिकाऱ्याच्या विश्वासावर बोलतात, या शब्दावर मी कधीच थांबले नव्हते. रानजाईताई, एक शंका. मराठीत सरळ 'चमत्कार' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? लोक बोलताना तेच म्हणतात.

रानजाई

ताई, मीही आधी तसंच म्हणत होते. पण चमत्कार हा शब्द पाहणाऱ्याच्या बाजूनं तयार झालाय. 'चमत्' हा दचकल्याचा, नवल वाटल्याचा उद्गार. त्या अर्थानं तो ग्रीकच्या 'थाउमाझो'ला जवळचा, म्हणजे नवल वाटणे, थक्क होणे. नव्या करारात हे क्रियापद चाळीसहून जास्त वेळा येतं आणि बहुतेक वेळा लोकांना नवल वाटतं. येशूला स्वतःला नवल वाटलं असं मात्र फक्त दोन प्रसंगी आहे: शताधिपतीचा विश्वास पाहून, आणि नासरेथमध्ये स्वतःच्या गावच्या लोकांचा अविश्वास पाहून. मला हे फार मोलाचं वाटतं. समुद्र शांत झाला त्याचं त्याला नवल नाही, माणसं विश्वास ठेवतात किंवा ठेवत नाहीत याचं आहे.

नवलासाठी आणखीही शब्द आहेत. 'थाम्बोस' फक्त लूकच्या लिखाणात, तीनदाच. आपल्या 'अचंब्या'सारखा, बोलती बंद करणारा. आणि 'एक्स्टासिस', शब्दशः स्वतःच्या बाहेर उभं राहणं. त्याला आपल्याकडे 'भान हरपणं' इतका नेमका शब्द आहे की भाषांतर करावंच लागत नाही. मार्कच्या शेवटी येशूच्या रिकाम्या कबरेपासून त्या बाया पळत सुटतात तेव्हा त्यांना कंप आणि 'एक्स्टासिस' यांनी गाठलेलं असतं.

पण हे सगळे शब्द पाहणाऱ्याच्या छातीत काय झालं ते सांगतात. 'तेरास' समोर काय घडलं ते सांगतो. शिवाय मराठीत 'चमत्कारिक माणूस' म्हटलं की पुढचा जपून वागतो, तोही घोळ आहेच.

खडूफळा

मला एक कळत नाही. शब्दाचा होमरमधला अर्थ हजारएक वर्षांनंतरच्या कोळ्यांच्या आणि जकातदारांच्या गोष्टीत शोधायचा का? योहान लिहिणाऱ्यानं इलियड डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं नसणार. शब्दाचं मूळ काढत बसलं की हवा तो अर्थ काढता येतो.

रानजाई

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्यावर मी दोन दिवस घातले. त्या लोकांच्या कानात हा शब्द होमरमधून आलेला नाही, जुन्या करारातून आलेला आहे. ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत हिब्रू शास्त्राचं ग्रीक भाषांतर झालं, ज्याला सत्तरांचं भाषांतर म्हणतात. त्यात हिब्रू 'मोफेत' या शब्दाला 'तेरास' वापरला. 'ओत' आणि 'मोफेत', चिन्ह आणि अद्भुत, ही जोडी इस्राएली लोकांच्या मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटकेच्या गोष्टीची जोडी आहे. जुन्या करारातल्या 'निर्गम' आणि 'अनुवाद' या पुस्तकांत ती पुन्हा पुन्हा येते. त्यामुळे पहिल्या शतकातल्या यहुदी माणसानं 'सेमेइआ काइ तेराता' ऐकलं की त्याला नाईलचं रक्त, टोळ आणि तो अंधार आठवणार. आपल्याकडे 'चौदा वर्षांचा वनवास' एवढं म्हटलं की सगळं रामायण येतं, तसं.

आणि त्याच शास्त्रात त्याच्याबद्दल सावधगिरीही आहे. मोशेचा भाऊ अहरोन, त्याची काठी साप होते, पण फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, जादूगारांनाही ते जमतं. 'अनुवाद' पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात तर स्पष्टच आहे: एखाद्या संदेष्ट्यानं चिन्ह किंवा अद्भुत सांगितलं, ते खरंही ठरलं, आणि मग तो म्हणाला चला दुसऱ्या दैवतांमागे, तर त्याचं ऐकू नका. अद्भुत खोटं ठरेल असं तिथं म्हटलेलंच नाही. खरं घडलं तरी ऐकू नका! मत्तय २४चा इशारा इथून येतो. २ थेस्सलनीकाकरांस २:९ मध्ये 'खोटेपणाची अद्भुतं' आहेत तीही इथूनच.

विहीरकाठ

हे 'अनुवाद' पुस्तकातलं मी कधी असं वाचलंच नव्हतं. अंगावर काटा आला.

रातपाळी

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, रात्रीची ड्यूटी संपवून लिहितेय. या शब्दाशी आमचा रोजचा संबंध आहे. गर्भाच्या घडणीत दोष आणणाऱ्या औषधाला 'टेराटोजेन' म्हणतात आणि त्या शास्त्राला 'टेराटॉलॉजी'. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये हे नाव पडलं. त्याआधी हजारो वर्षं वेगळ्या घडणीचं मूल जन्मलं की लोक त्याला शकुन-अपशकुन समजायचे, घरावर, गावावर काही येणार आहे याची खूण. 'थॅलिडोमाइड' १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीला आलं, १९६१च्या शेवटी मागे घेतलं, आणि त्यापायी जगभरात दहा हजारांवर बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. तेव्हापासून हा शब्द प्रत्येक डॉक्टरच्या तोंडी आहे.

मी तो रुग्णाच्या खाटेपाशी उच्चारत नाही. सोनोग्राफीचा कागद हातात घेऊन बसलेल्या बाईला "हे काहीतरी सांगायला आलंय का, माझ्याकडून काही चुकलं का?" हा प्रश्न कुणी शिकवावा लागत नाही. सासरची माणसं विचारतात, ती स्वतःलाच विचारते. वरून आलेला निरोप, आणि तिनंच तो वाचायचा. 'तेरास'चा तो जुना अर्थ अजून जिवंत आहे हो, आमच्या ओपीडीत. मी तिला एवढंच सांगते की बाळाचे अवयव तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतात, आणि तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचा पत्तासुद्धा नसतो.

रानजाई

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

तुम्ही म्हणता ते ऐकून जुन्या करारातला यहेज्केल संदेष्टा उघडला. तिथे 'तेरास' हे एखाद्या घटनेचं नाव नाही, माणसाचं आहे. बाराव्या अध्यायात देव त्याला सांगतो, दिवसाढवळ्या लोकांदेखत बोचकं बांधून बाहेर ठेव, संध्याकाळी भिंतीला भोक पाड आणि तोंड झाकून, खांद्यावर ते बोचकं घेऊन अंधारात निघून जा. मी तुला इस्राएलाच्या घराण्यासाठी 'तेरास' केलं आहे. ज्यांना उद्या देशोधडीला लागायचंय, त्यांना ते आज एका शेजाऱ्याच्या पाठीवर दिसतं. आणि चोविसाव्या अध्यायात त्याची बायको, त्याच्या डोळ्यांचा आनंद, संध्याकाळी मरते. त्याला रडायचीही मुभा नाही. लोक विचारतात, याचा आम्ही काय अर्थ घ्यायचा? उत्तर येतं: यहेज्केल तुमच्यासाठी 'तेरास' होईल.

इथे दोष कुणाचा शोधायचा नाही. जो पाहतोय त्यानं थांबून विचारायचं, एवढंच. तुमच्या ओपीडीतल्या बाईपर्यंत हे पोचवता येणार नाही हे मला कळतं. पण 'अपशकुन' म्हणणारी माणसं बोट नेमकं चुकीच्या दिशेला दाखवतात, बाळाकडे आणि आईकडे, असं मला आता वाटतं.

संहितापाठ

खडूफळा यांना एक पुरवणी. 'अद्भुत' या मराठी शब्दाची बाजू मला मांडायची आहे, कारण आपण त्याला उगाच लेचापेचा समजतोय. आज 'अद्भुत' म्हणजे वा, काय छान. रंगीत मत्स्यालय अद्भुत, डोंगरावरचा सूर्योदय अद्भुत. पण षड्विंश ब्राह्मण या सामवेदाच्या ग्रंथाच्या शेवटच्या भागाचं नावच अद्भुतब्राह्मण, आणि त्यात शकुन-उत्पात आणि त्यांच्या शांती आहेत. बाराव्या शतकात बंगालच्या बल्लालसेनानं जो ग्रंथ हाती घेतला तो 'अद्भुतसागर', तोही सगळा उत्पातांचाच. म्हणजे ज्या कुणी मराठी बायबलात 'तेराता'ला 'अद्भुते' हा शब्द योजला, त्यानं काळजावर बोट ठेवलंय. शब्द बरोबर आहे, आपले कान बदलले.

आणि रसांत अद्भुताचा स्थायीभाव विस्मय. ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायात, विश्वरूपाच्या तोंडावर, माऊली म्हणतात, 'शांताचिया घरा अद्भुत आला आहे पाहुणेरा'. अर्जुन मात्र तो पाहुणा पाहून घाबरतो आणि नेहमीचं रूप दाखव म्हणून हात जोडतो.

खडूफळा

पटलं. जुन्या करारातून आलं असेल तर माझा आक्षेप उरत नाही. जुन्या करारातल्या योएल संदेष्ट्याचं काय मग? येशूचा शिष्य पेत्र भाषणात त्याचं वचन घेतो ते, वर आकाशात नि खाली पृथ्वीवर? संहितापाठ यांच्या दिव्य-भौमसारखंच वाटतंय ते.

रानजाई

अगदी! आणि तिथेच एक बारीक गोष्ट आहे. ग्रीक योएलमध्ये वचन असं: आकाशात आणि पृथ्वीवर मी 'तेराता' देईन, रक्त, अग्नी आणि धुराची वाफ. फक्त 'तेराता'. चिन्ह हा शब्दच नाही. प्रेषितांची कृत्ये २:१९ मध्ये तेच वचन उद्धृत करताना 'वर' आणि 'खाली' हे शब्द आले, आणि खालच्या बाजूला 'सेमेइआ' आली. 'वर आकाशात अद्भुतं आणि खाली पृथ्वीवर चिन्हं.' योएलात 'तेराता' एकटी होती, तिला इथे जोडीदारीण दिली गेली. तीनच वचनं पुढे, २:२२ ला, पेत्र येशूबद्दल महत्कृत्ये, अद्भुते आणि चिन्हे असे तिन्ही शब्द एका दमात घेतो. माझ्या मते हे जाणूनबुजून आहे.

आणखी एक. प्रेषितांच्या कृत्यांतली नऊच्या नऊ ठिकाणं १५:१२ पर्यंत संपतात. नंतर जहाज फुटतं, साप चावतो, कैदखान्याची दारं उघडतात, पण हा शब्द परत येत नाही.

विहीरकाठ

मग आता योहानाकडे परत या ना. त्या बापाला येशू असं का बोलला? मूल मरायला टेकलंय, तो बिचारा मदत मागायला आलाय, आणि त्याला ऐकवायचं की तुम्हाला अद्भुतं हवीत?

रानजाई

ताई, मला याच प्रश्नानं झोप दिली नव्हती. उत्तर ग्रीकच्या व्याकरणात मिळालं. तिथे 'तुम्ही' आहे ते अनेकवचन आहे. ग्रीकमध्ये तेव्हा आदरार्थी 'तुम्ही' नव्हतं, एकाला नेहमी 'तू'च. म्हणजे बोलणं त्या माणसाकडे पाहून असलं तरी ऐकवणं गर्दीला आहे. ४५व्या वचनातलेच हे गालीली लोक, यरुशलेमेत सणाच्या वेळी काय काय केलं ते पाहून आलेले. मराठीत 'तुम्ही' वाचलं की आपण राजदरबारचा अधिकारी म्हणून आदरानं म्हटलंय असं समजतो आणि सगळा फटका त्या बापाला बसतो. भाषांतर बरोबर, पण आपल्याच भाषेची सभ्यता इथे आडवी येते.

आणि बाप काय करतो पाहा. वाद घालत नाही. कथा सांगणारा 'मुलगा' म्हणून 'हुइओस' हा शब्द वापरतोय. बाप मात्र 'पाइदिओन' म्हणतो. महाराज, माझं लेकरू मरायच्या आत खाली चला. 'खाली' म्हणतो कारण येशू आहे ते काना डोंगराळ भागात आणि मुलगा आहे ते कफर्णहूम सरोवराकाठी, समुद्रसपाटीच्याही दोनशे मीटर खाली. मग येशू त्याला एकवचनात उत्तर देतो. जा, तुझा मुलगा जगला. संपलं. ना काठीचा साप, ना आकाशात काही. त्याच्या डोळ्यांसमोर काहीही घडत नाही. तो शब्दावर विसंबून उताराला लागतो, आणि रात्र वाटेतच जाते, कारण चाकर भेटतात तेव्हा ते म्हणतात, "काल सातव्या ताशी ताप उतरला."

आणि ५४व्या वचनात योहान लिहितो, हे येशूनं केलेलं दुसरं 'सेमेइओन'. फक्त 'सेमेइओन'. सहा वचनांपूर्वी जोडी होती, आता 'तेरास' गळून गेलंय.

पाटीपेन्सिल

पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबल १९२४ साली छापून आलं, त्यांच्या निधनानंतर. कुणाच्या घरी ती प्रत असेल तर योहान ४:४८ आणि ४:४९ या वचनांचा फोटो टाका ना. 'लेकरू' आहे का तिथे, ते बघायचंय.

रानजाई

माझ्या मावशींच्या पेटीत आहे, शिरूरला. रविवारी जाणारच आहे.

काल बुधवार होता. हे सगळं वहीतून वाचून दाखवलं. ज्या काकांनी दोन शब्द कशाला म्हणून विचारलं होतं, त्यांचा धाकटा मुलगा दोन वर्षांमागे तापानं गेला. ते शेवटपर्यंत गप्प होते. उठताना एवढंच म्हणाले, "तो बाप रात्रभर चालत असताना त्याला ठाऊक नव्हतं ना?" मी म्हटलं, नव्हतं. मग त्यांनी वही मागून घेतली आणि ४९वं वचन ग्रीकमधून मला परत एकदा वाचायला लावलं.